दुहेरी नकारावरचा आरोप

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला एक वाक्य फळ्यावर हमखास येते : 'आय डोन्ट नो नथिंग'. शिक्षक 'डोन्ट' आणि 'नथिंग' या दोन शब्दांखाली रेघा मारतात आणि सांगतात की दोन नकार एकमेकांना खोडतात, म्हणून या वाक्याचा अर्थ 'मला काहीतरी माहीत आहे' असा होतो. पाठोपाठ गणिताचा दाखला येतो, उण्याला उण्याने गुणले की अधिक. वर्गाला तो पटतो, कारण गणिताशी हुज्जत घालण्याची कोणाची तयारी नसते. या शिकवणुकीतला अर्धा भाग खरा आणि उपयोगी आहे : आजच्या प्रमाण इंग्रजीत असे वाक्य लिहीत नाहीत आणि लिहिल्यास गुण जातात. उरलेला अर्धा भाग, म्हणजे असे बोलणे तर्काला सोडून आहे आणि बोलणाऱ्याच्या मनातल्या अर्थाच्या नेमका उलटा अर्थ त्यातून निघतो हा भाग, साफ खोटा आहे. तो केवळ पुस्तकी चूक म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. त्याने इंग्रजी बोलणाऱ्या गरीब माणसांचे नुकसान केले आहे आणि दुहेरी नकाराचा जो प्रकार वाचणाऱ्याला खरोखर फसवतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाऊ दिलेले नाही.

मुळात 'दुहेरी नकार' या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. एकीत दोन नकार खरोखर एकमेकांना छेदतात. 'नॉट अनकॉमन' म्हणजे अगदीच दुर्मीळ नव्हे, अधूनमधून आढळणारे. ही रचना इंग्रजीतल्या भारदस्त लेखकांची आवडती आहे आणि तिच्यावर कोणी लाल रेघ मारत नाही. दुसरीत नकार एकच असतो, पण त्याची खूण वाक्यातल्या अनेक शब्दांवर उमटते. 'आय डोन्ट नो नथिंग' हे या दुसऱ्या प्रकारातले वाक्य आहे. भाषाशास्त्रात याला 'निगेटिव्ह कॉन्कॉर्ड' म्हणतात. कॉन्कॉर्ड म्हणजे मेळ, आणि असा मेळ मराठी माणसाला नवा नाही. 'माझी धाकटी बहीण आली' या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण 'माझी', 'धाकटी' आणि 'आली' अशी तीन ठिकाणी आहे, शिवाय 'बहीण' हे नाम स्त्रीलिंगी आहेच. म्हणून चार बहिणी आल्या असे कोणी समजत नाही. बहीण एकच आणि तिचे लिंग एकदाच मोजायचे, बाकीचे शब्द तिच्याशी जुळवून घेतात, एवढेच आपण मानतो. ज्यांच्या इंग्रजीत 'आय डोन्ट नो नथिंग' हे स्वाभाविक वाक्य आहे त्यांच्याकडे नकार असाच वागतो. क्रियापदाला नकार लागला की त्याच वाक्यातल्या 'काही', 'कोणी', 'कुठे', 'कधी' या अर्थाच्या शब्दांनीही नकाराचे रूप घ्यायचे, हा त्या बोलीचा नियम आहे. तो मोडला तर त्या बोलीतच ते वाक्य परके वाटते.

गणिताचा दाखलाही नीट पाहिला तर टिकत नाही. उण्याला उण्याने गुणले तर अधिक होते हे खरे, पण उण्यात उणे मिळवले तर उणेच वाढते. भाषेतले नकार गुणायचे की मिळवायचे हे गणित ठरवत नाही, ती ती भाषा ठरवते. आणि गुणाकारच खरा मानला, तर तीन नकारांचे वाक्य पुन्हा नकारार्थी आणि म्हणून निर्दोष ठरायला हवे. 'ही नेव्हर टोल्ड नोबडी नथिंग' या वाक्यात तीन नकार आहेत. कोणताही इंग्रजीचा शिक्षक ते वाक्य, नकार विषम आहेत एवढ्याच कारणाने, बरोबर धरणार नाही. म्हणजे नियम लावणारे स्वतःच गुणाकार करत नाहीत. दुसरा नकार दिसला की थांबतात.

इतिहास तर या आरोपाच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो. जुन्या इंग्रजीत नकाराचा मूळ शब्द 'ने' होता आणि तो क्रियापदाच्या आधी येई. वाक्यात आणखी नकारार्थी शब्द असले तर तेही त्याच्याबरोबर सुखाने नांदत. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर आपल्या काव्यातल्या एका सरदाराचे सौजन्य सांगताना लिहितो : 'ही नेव्हर येट नो व्हिलनी ने सेड, इन ऑल हिज लाइफ अन्टु नो मॅनर वाइट'. या सरदाराने उभ्या आयुष्यात कोणत्याही प्रकारच्या माणसाला कधीही वावगा शब्द बोलला नाही, असा याचा अर्थ. 'नेव्हर', 'नो', 'ने' आणि पुन्हा 'नो' असे चार नकार एका वाक्यात आहेत. चार हा सम आकडा आहे, तेव्हा गुणाकाराच्या हिशेबाने हा सरदार शिवराळ ठरला पाहिजे. चॉसरच्या काळापासून आजपर्यंत त्या ओळींचा असा अर्थ कोणी लावलेला नाही. दोन शतकांनंतर शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकातली व्हायोला आपल्या हृदयाविषयी बोलताना 'नॉर नेव्हर नन' असे तीन नकार एकापाठोपाठ एक उच्चारते, तेव्हाही प्रेक्षकांना तिचा निर्धार कळतो. तिचे काही चुकले असे कोणाला वाटत नाही.

याहून बोलकी हकिगत खुद्द 'नॉट' या शब्दाची आहे. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1917 मध्ये नकाराच्या प्रवासाचा जो आलेख मांडला, तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या टप्प्यावर इंग्रज माणूस 'इच ने सेज्जे' म्हणे, म्हणजे 'मी म्हणत नाही'. एकटा 'ने' उच्चारात क्षीण वाटू लागला तेव्हा जोर देण्यासाठी 'काहीच नाही' या अर्थाचा दुसरा नकारार्थी शब्द त्याच्या सोबतीला आला आणि वाक्य 'आय ने सेये नॉट' असे झाले. पुढे मूळचा 'ने' झिजून गळून पडला आणि सोबतीला आलेलाच घरधनी झाला : 'आय से नॉट'. त्यातून पुढे 'आय डू नॉट से'. म्हणजे ज्या 'नॉट'च्या आधारावर आज दुहेरी नकाराला दोष दिला जातो, तो 'नॉट' जोर देणाऱ्या दुहेरी नकारातूनच इंग्रजीत स्थिरावला आहे. इंग्रजांनी काही शतके दोन नकार एकमेकांना खोडू दिले नाहीत, म्हणून आज त्यांच्याकडे एक धडधाकट नकार शिल्लक आहे.

मग नियम आला कुठून? दुहेरी नकार हद्दपार करण्याचे सगळे श्रेय किंवा अपश्रेय व्याकरणकारांना देण्याची रीत आहे, पण ती पूर्ण खरी नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या पत्रव्यवहाराचा जो अभ्यास झाला आहे, त्यावरून शिकलेल्या आणि वरच्या थरातल्या लोकांच्या लिखाणातून असा नकार आधीच मागे हटत होता असे दिसते. जेम्स ग्रीनवुडने 1711 मध्ये दोन नकारांचा होकार होतो असे छापले. रॉबर्ट लोथ या विद्वान धर्मगुरूचे इंग्रजी व्याकरण 1762 मध्ये निघाले आणि पुढल्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत त्याने हा नियम घातला. 1795 मध्ये लिंडली मरेने तो जवळजवळ लोथच्याच शब्दांत उचलला, आणि मरेच्या पुस्तकाचा खप एवढा प्रचंड होता की अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत तो वेदवाक्य होऊन बसला. तेव्हा व्याकरणकारांनी चालू प्रवाहाला दिशा दिली असे म्हणता येत नाही. जे वरच्या वर्गाच्या लिखाणात घडलेच होते त्याला त्यांनी कारण पुरवले, आणि ते कारण चुकीचे पुरवले. 'सभ्य लोक आता असे लिहीत नाहीत' असे त्यांनी म्हटले असते तर ते सत्य ठरले असते. 'असे लिहिले तर उलटा अर्थ होतो' असे म्हणून त्यांनी एका रीतिरिवाजाला तर्कशास्त्राचा पोशाख चढवला. रिवाज न पाळणारा फार तर गावंढळ ठरतो. तर्क न पाळणारा मात्र मंदबुद्धी ठरतो.

युरोपातल्याच इतर भाषांकडे पाहिले तरी हा पोशाख गळून पडतो. 'मी कोणालाही पाहिले नाही' हे स्पॅनिशमध्ये सांगायचे तर 'नो वी आ नादिये' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'नाही पाहिले कोणाला-नाही'. इटालियनमध्ये 'नॉन ओ व्हिस्तो नेस्सूनो' म्हणताना हेच घडते. रशियन माणूस 'कोणाला काही माहीत नाही' हे तीन नकारांनी सांगतो : 'निक्तो निचेवो ने झ्नायेत'. या भाषांत एक नकार गाळला तर शिक्षक तो चूक म्हणून दाखवतात. त्यांच्यातून तत्त्वज्ञान, कायदा आणि उच्च गणित लिहिले गेले आहे. त्यांच्या तर्कशक्तीवर कोणी शंका घेत नाही आणि घेऊ नये.

आपल्या बाजूची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि मराठी विद्यार्थ्याला शाळेतला नियम इतका चटकन का पटतो ते तिच्यातून कळते. मराठीत 'कोणी काही बोलले नाही' असे म्हणतात. 'कोणी' आणि 'काही' हे शब्द नकाराचे रूप घेत नाहीत आणि नकार शेवटी एकदाच येतो. प्रमाण इंग्रजीतल्या 'एनिबडी' आणि 'एनिथिंग'च्या रचनेशी हे जवळचे आहे. शिवाय दोन नकारांचा छेद आपल्या तोंडी रुळलेला आहे. 'तो आल्याशिवाय राहणार नाही', 'मला कळत नाही असे नाही', 'बोलल्यावाचून राहवले नाही' ही रोजची वाक्ये आहेत. त्यामागे संस्कृत परंपराही उभी आहे. 'द्वौ नञौ प्रकृतमर्थं गमयतः', दोन नकार मिळून मूळचा अर्थच सांगतात, हे वचन तिथे प्रसिद्ध आहे. म्हणून इंग्रजीच्या तासाला ऐकलेला नियम आपल्याला जगाचा नियम वाटतो. पण त्याच मराठीत 'नाही, नाही, त्रिवार नाही' असे कोणी ठणकावले, तर आपण नकार मोजत बसत नाही. ही केवळ पुनरुक्ती आहे, स्पॅनिशसारखा मेळ नव्हे, हे मान्य. तरीही एवढे तिच्यातून नक्की दिसते की दुसरा नकार पहिल्याला कधी छेदतो आणि कधी बळ देतो, हे मराठी माणूससुद्धा रचना आणि सूर पाहून ठरवतो, मोजणी करून ठरवत नाही.

आता नुकसानीकडे वळू. अमेरिकेत मेळाचा नकार आफ्रिकन अमेरिकन समाजाच्या बोलीत नियमाने येतो. ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्या श्रमिकांच्या बोलींत आणि इंग्लंडमधल्या लंडनच्या कामगार वस्तीतही तो आहे. वॉल्ट वुल्फ्रम या भाषाशास्त्रज्ञाने डेट्रॉईट शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वरच्या मध्यमवर्गात हा नकार शक्य त्या जागांपैकी दहा टक्क्यांहून कमी ठिकाणी आढळला आणि सर्वांत खालच्या श्रमिक वर्गात पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेला. भाषेची फार थोडी वैशिष्ट्ये माणसाचा वर्ग इतक्या ठळकपणे उघड करतात, म्हणून या एका वाक्यावरून माणसाला जोखण्याची सवय लागणे स्वाभाविक होते. ती सवय शास्त्राचे रूप घेऊन शाळेत शिरली तेव्हा मात्र गोष्ट गंभीर झाली. 1966 च्या सुमारास कार्ल बेराइटर आणि सीगफ्रीड एंगेलमान हे शिक्षणतज्ज्ञ अशा निष्कर्षाला आले होते की गरीब कृष्णवर्णीय मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्यापाशी भाषाच नसते. जे असते ते विचाराचे साधन म्हणून निरुपयोगी आणि तर्कहीन असते. चार वर्षांच्या लेकरांविषयीचा हा निवाडा होता, आणि त्यांच्या बोलण्याचे व्याकरण प्रमाण इंग्रजीपेक्षा वेगळे आहे हे त्यामागचे मोठे कारण होते.

विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1969 मध्ये या म्हणण्याचा जो समाचार घेतला, तो भाषाविषयक लिखाणातला सर्वांत प्रामाणिक संताप आहे असे मला वाटते. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांचे तासन्‌तास ध्वनिमुद्रण करून त्याने दाखवले की अनोळखी मोठ्या माणसासमोर एकेका शब्दाने उत्तरे देणारा मुलगा मित्रांच्या सोबतीत वाद घालतो, मुद्दे मांडतो आणि समोरच्याचे मुद्दे खोडतो. नकाराबाबत त्याचा मुद्दा असा की प्रमाण इंग्रजी आणि ही बोली या दोन्हींच्या तळाशी नकार एकच असतो. तो अनिश्चित शब्दांकडे ओढला जातो हेही दोन्हींत सारखेच असते. फरक एवढाच की एकीत तो एका जागी थांबतो आणि दुसरीत पसरतो. आणि या वादातला सर्वांत साधा पुरावा तर आरोप करणाऱ्यांच्याच खिशात होता : 'आय डोन्ट नो नथिंग' हे ऐकून त्यांनाही 'याला काही माहीत नाही' एवढेच समजत होते. उलटा अर्थ कोणाच्याच मनात उमटत नव्हता. तो फक्त फळ्यावर उमटत होता.

पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे मार्टिन लूथर किंग ज्युनिअर यांच्या नावाच्या प्राथमिक शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी दावा लावला, की घरच्या बोलीमुळे आमच्या मुलांना मंद आणि अपात्र ठरवले जाते. न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी 1979 मध्ये शाळामंडळाला आदेश दिला की या मुलांची घरची बोली ओळखून वाचन कसे शिकवावे, याचे ज्ञान शिक्षकांना मिळेल अशी व्यवस्था करावी. प्रमाण इंग्रजी शिकवू नये असे त्यांनी म्हटले नव्हते. ती शिकवता यावी म्हणूनच मूल काय बोलते ते आधी समजून घ्या, असे म्हटले होते. तरीही हा प्रश्न सुटला असे म्हणवत नाही. फिलाडेल्फियातल्या 27 न्यायालयीन लघुलेखकांची चाचणी घेऊन 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की या बोलीतली वाक्ये उतरवून घेताना दर दहांपैकी सुमारे चार वाक्यांत चूक झाली. साक्षीदाराने काय सांगितले हे ज्या कागदावर ठरते, त्या कागदाची ही अवस्था आहे.

माझा खरा आक्षेप मात्र याच्या पुढे आहे. बोलीतल्या मेळाच्या नकारामुळे कोणाचा गैरसमज झाल्याचे उदाहरण शोधून सापडत नाही. उलट प्रमाण, सुशिक्षित, व्याकरणशुद्ध इंग्रजीतले एकमेकांना छेदणारे नकार राजरोस गोंधळ घालतात, आणि त्यांच्यावर कोणी लाल रेघ मारत नाही.

याचे सर्वांत धक्कादायक उदाहरण 1992 चे आहे. अमेरिकन ज्यूइश कमिटीसाठी रोपर या नामांकित संस्थेने जनमत चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न असा होता की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी घडलाच नाही हे तुम्हाला शक्य वाटते की अशक्य वाटते. 'इम्पॉसिबल' आणि 'नेव्हर हॅपन्ड' हे दोन नकार एकाच प्रश्नात होते. संहार घडला यावर ज्याचा ठाम विश्वास आहे त्याला 'अशक्य' असे उत्तर द्यायचे होते. निकाल 1993 च्या एप्रिलमध्ये, वॉशिंग्टनमधले होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय उघडत असतानाच, जाहीर झाला. त्यात 22 टक्के लोकांना संहार घडलाच नसणे शक्य वाटते असे दिसले आणि आणखी 12 टक्क्यांना सांगता येत नव्हते. देश हादरला. इतिहासाच्या शिक्षणावर, नव्या पिढीवर, समाजाच्या स्मृतीवर लेख लिहिले गेले. मग प्रश्नाची रचना संशयास्पद आहे हे तज्ज्ञांच्या ध्यानात आले. 1994 मध्ये तोच प्रश्न सरळ करून विचारला गेला, की संहार घडलाच नसणे तुम्हाला शक्य वाटते, की तो घडला याची तुम्हाला खात्री आहे. या वेळी शक्य वाटते म्हणणारे उरले सुमारे 1 टक्का. संहार नाकारणाऱ्यांची जी फौज देशाने पाहिली होती, ती बहुतांशी दोन नकारांच्या गाठीतून जन्मली होती. तो प्रश्न लिहिणाऱ्याचे इंग्रजी व्याकरणाच्या कोणत्याही कसोटीला उतरले असते.

दुसरे उदाहरण मतपत्रिकेवरचे आहे. कोलोरॅडो राज्याच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल असा अपवाद त्या बंदीला जोडलेला होता. 2016 मध्ये तो अपवाद काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. मतपत्रिकेवरच्या प्रश्नात गुलामगिरीच्या 'बंदीला असलेला अपवाद काढून टाकण्या'विषयी विचारणा होती. बंदी हा एक नकार, अपवाद हा त्या नकाराचा नकार आणि काढून टाकणे हा तिसरा. एकही 'नॉट' नाही, व्याकरण निर्दोष, आणि तरीही गुलामगिरीच्या विरोधात मत द्यायला 'हो' म्हणायचे की 'नाही' हे रांगेत उभ्या माणसाला कळणे अवघड. प्रस्तावाविरुद्ध संघटित प्रचार नसताना तो अगदी थोड्या मतांनी पडला आणि गोंधळात टाकणारी शब्दरचना हे त्याचे मोठे कारण मानले गेले. दोन वर्षांनी तीच दुरुस्ती, सर्व परिस्थितींत गुलामगिरीला बंदी, अशा सरळ शब्दांत पुन्हा मांडली गेली आणि सुमारे दोन तृतीयांश मतांनी संमत झाली. इतर कारणेही असतील, पण दोन वर्षांत एका राज्याच्या सदसद्विवेकबुद्धीत एवढा पालट झाला असे मानण्यापेक्षा वाक्य सुधारले असे मानणे मला अधिक पटते.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन आणि शूली राइश यांनी 1979 मध्ये असेच एक वाक्य अभ्यासाला घेतले : 'नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हिअल टु बी इग्नोर्ड'. जवळजवळ प्रत्येकजण याचा अर्थ 'डोक्याची कोणतीही इजा क्षुल्लक समजून दुर्लक्ष करू नका' असा लावतो. पण त्याच साच्यातले 'नो मिसाइल इज टू स्मॉल टु बी बॅन्ड' हे वाक्य शेजारी ठेवा. कितीही छोटे क्षेपणास्त्र असो, त्यावर बंदी घाला, असा त्याचा अर्थ. मग पहिल्याचा अर्थ निघतो : डोक्याची इजा कितीही क्षुल्लक असो, तिच्याकडे दुर्लक्ष करा. 'नो', 'टू', 'ट्रिव्हिअल' आणि 'इग्नोर' ही नकाराची चार वजने एकावर एक चढली की शिकल्यासवरल्या माणसाचाही हिशेब चुकतो आणि तो वाक्य न वाचता आपल्या व्यवहारज्ञानाने अर्थ भरून काढतो. डोक्याच्या इजेच्या बाबतीत व्यवहारज्ञान तारून नेते. विम्याच्या करारातल्या अटी किंवा शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र वाचताना तारणारे असे व्यवहारज्ञान सामान्य माणसाकडे नसते.

छेदणारे नकार सरसकट टाकून द्यावेत असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या संविधानाचे चौदावे कलम राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारणार नाही असे सांगते. 'राज्य समानता देईल' असे ते म्हणत नाही. अमेरिकेच्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतली 'डिनाय'ची रचनाही अशीच आहे. 'देईल' म्हटले असते तर समानता हे राज्याच्या हातचे दान ठरले असते. 'नाकारणार नाही' म्हटल्याने ती व्यक्तीकडे आधीच आहे आणि राज्याचा हात तिच्यापासून रोखलेला आहे, हे उघड होते. इथे दोन नकारांनी जे साधले आहे ते एका होकाराने साधले नसते, आणि वाक्यही कोणाला चकवत नाही. नकार किती आहेत यापेक्षा ते कशासाठी आहेत आणि वाचणाऱ्याला कुठे नेतात, ही कसोटी लावायला हवी.

म्हणूनच शिकवण्याच्या पद्धतीत बदल हवा असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या मुलाला प्रमाण इंग्रजी आली पाहिजे, यात तडजोड नको. मुलाखतीत किंवा अर्जात 'आय डोन्ट हॅव नो एक्स्पिरिअन्स' असे गेले तर नुकसान त्याचे होईल, समाजाच्या अन्यायाचे होणार नाही. पण कारण खरे सांगावे : ही प्रमाण लिखाणाची आजची रीत आहे, दुसऱ्या ठिकाणी दुसरी रीत आहे आणि दोन्हींत माणसे सारख्याच स्पष्टपणे विचार करतात. एवढे सांगितलेला विद्यार्थी उद्या अमेरिकेत किंवा लंडनमध्ये नोकरीला गेला तर सहकाऱ्याच्या बोलण्यावरून त्याची बुद्धी मोजणार नाही, आणि गावाकडून आलेल्या वर्गमित्राची मराठी ऐकून 'अशुद्ध' म्हणण्यापूर्वीही जरा थांबेल.

दुरुस्तीचा अट्टहास किती व्यर्थ असतो हे डेव्हिड मॅक्‌नील या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये नोंदवलेल्या एका संवादात दिसते. मूल म्हणते, 'नोबडी डोन्ट लाइक मी'. आई सांगते, 'नाही, नोबडी लाइक्स मी असे म्हण'. मूल पुन्हा आपलेच वाक्य म्हणते. असे आठ वेळा होते. शेवटी आई म्हणते, नीट ऐक, 'नोबडी लाइक्स मी'. मुलाच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि ते म्हणते, 'ओह! नोबडी डोन्ट लाइक्स मी'. मुलाने आईकडून 'लाइक्स'चा शेवटचा 'स' उचलला आणि दोन्ही नकार जागच्या जागी ठेवले. त्याच्या लेखी नकाराची जुळणी बरोबरच होती. मी कोणालाच आवडत नाही, हे ते मूल आठ वेळा सांगत होते आणि त्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती, ही त्या संवादातली बाजू मला अधिक अस्वस्थ करते.

वर्गातला जो वेळ 'आय डोन्ट नो नथिंग'ला दोष देण्यात जातो, तो दुसरीकडे वळवता येईल. आपल्या परीक्षांत अर्थ न बदलता होकारार्थी वाक्य नकारार्थी करण्याचे प्रश्न वर्षानुवर्षे आहेत. 'एव्हरीबडी वॉन्ट्स टु बी हॅपी' या सरळ वाक्याचे 'देअर इज नोबडी हू डज नॉट वॉन्ट टु बी हॅपी' करून दाखवले की गुण मिळतात. सरळ वाक्याला गाठ मारण्याचे कौशल्य आपण शिकवतो आणि गाठ सोडवण्याचे शिकवत नाही. त्याच प्रश्नपत्रिकेत उलटा प्रश्नही हवा : रोपरचा तो प्रश्न, कोलोरॅडोची ती मतपत्रिका, बँकेच्या संकेतस्थळावरचे 'खालील माहिती इतरांना दिली जाऊ नये असे वाटत नसल्यास खूण करू नये' यासारखे वाक्य विद्यार्थ्यापुढे ठेवावे. 'हो' म्हटल्याने नेमके काय होईल आणि 'नाही' म्हटल्याने काय होईल ते त्याला लिहायला सांगावे, आणि मग तेच वाक्य पहिल्याच वाचनात कळेल असे पुन्हा लिहून घ्यावे.